कामाचा प्रवास आणि सामानाची निवड

१८३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात हिंदुस्थानचा तत्कालीन गव्हर्नर-जनरल लॉर्ड ऑकलंड हा कलकत्त्याहून उत्तरेकडील प्रांतांच्या दौऱ्यावर निघाला. त्याच्यासमवेत त्याच्या दोन बहिणी होत्या. त्यांपैकी एमिली ईडन हिने वाटेत लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि ती आजही आवडीने वाचली जातात. काशीपर्यंत जलमार्गाने आणि तेथून पुढे खुष्कीने हा लवाजमा मजल-दरमजल करीत गेला. एमिलीच्या सांगण्याप्रमाणे या तळावर सुमारे बारा हजार माणसे होती. तंबू, हत्ती, उंट, घोडे यांची गणना वेगळीच. १८३८ च्या वसंत ऋतूत ही मंडळी शिमल्यास पोहोचली.

वस्तुतः हा कामाचाच प्रवास होता. राज्यकारभारासाठी निघालेला एक अधिकारी आपल्याबरोबर निवारा, स्वयंपाकघर, कचेरी आणि दिवाणखाना असे सर्व काही घेऊन चालला होता. आज दिल्लीहून सकाळी निघालेला प्रवासी त्याच दिवशी शिमल्यास पोहोचतो आणि आपले सामान बहुधा स्वतःच्याच हाताने वाहतो. बारा हजार माणसांचा तळ आणि एका माणसाची एक पेटी या दोहोंमधील अंतर केवळ वैभवाचे नाही. ते कशामुळे पडले, हे समजून घेतले तर कामासाठी प्रवास करताना बरोबर काय घ्यावे आणि काय मागे ठेवावे, या रोजच्या प्रश्नाचे उत्तरही पुष्कळसे हाती लागते.

वळकटीपासून चाकांच्या पेटीपर्यंत

आपल्या देशात १८५३ साली प्रवासी आगगाडी सुरू झाली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे भारतीय प्रवाशाचे सामान ठरावीक असे. पत्र्याची ट्रंक, अंथरूण-पांघरुणाची वळकटी, पाण्यासाठी फिरकीचा तांब्या किंवा मातीची सुरई आणि फडक्यात बांधलेली शिदोरी ही सामग्री आगगाडीच्या प्रत्येक डब्यात दिसे. थोड्या सुस्थितीतील माणसाकडे वळकटीऐवजी होल्डॉल असे. जाड किंतानाच्या या लांब पिशवीत गादी, उशी व चादर घालून ती गुंडाळीत आणि पट्ट्यांनी आवळीत. फिरतीवरचा सरकारी अधिकारी डाकबंगल्यात उतरे. तेथे खाट, खुर्ची आणि खानसामा मिळे. परंतु अंथरूण प्रवाशाने स्वतःच न्यावे, असाच प्रघात होता.

हे सामान पाहून त्या काळच्या लोकांना ओझे वाहण्याची हौस होती असे कोणी म्हणेल, तर ते चुकीचे ठरेल. रात्री अंथरूण मिळेल की नाही, पाणी पिण्याजोगे असेल की नाही, वाटेत आपल्या आचाराला चालेल असे अन्न मिळेल की नाही, यांपैकी कशाचीच खात्री नव्हती. जे पलीकडे मिळण्याची शाश्वती नव्हती, ते अलीकडून न्यावे लागे. सामानाचा आकार हे मुक्कामाच्या ठिकाणच्या अनिश्चिततेचे माप होते. पुढे वातानुकूलित डब्यांतून चादर, उशी व कांबळे मिळू लागले, स्थानकांवर बाटलीबंद पाणी आले, लहान शहरांतूनही कपडे धुऊन इस्त्री करून मिळू लागले. त्याबरोबर वळकटी, तांब्या आणि कपड्यांचा मोठा साठा हे सामानातून एकामागून एक गळून पडले.

दुसरा बदल सामान वाहण्याच्या पद्धतीत झाला. हमाल हाताशी असेपर्यंत पेटी किती जड आहे याचा विचार तिच्या मालकाला फारसा करावा लागत नसे. अमेरिकेतील बर्नार्ड सॅडो याने पेटीला चार चाके व ओढण्यासाठी एक पट्टा लावण्याची कल्पना काढली आणि १९७२ साली तिचे पेटंट मिळविले. ही आडवी पेटी ओढताना डगमगत असे. १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लॅथ नावाच्या एका वैमानिकाने पेटी उभी करून तिला दोन चाके आणि आत-बाहेर सरकणारा ताठ दांडा बसविला. ही रचना प्रथम विमानांतील कर्मचाऱ्यांनी, म्हणजे ज्यांचा प्रवास हाच व्यवसाय होता अशा लोकांनी, उचलून धरली हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे १९७० नंतरच्या दशकात साच्यात घडविलेल्या टणक प्लॅस्टिकच्या पेट्यांनी पत्र्याच्या ट्रंकेची जागा घ्यावयास आरंभ केला. महाराष्ट्रातील नाशिक हे या उद्योगाचे एक महत्त्वाचे केंद्र बनले आहे.

चाकांमुळे ओझे हलके झाले नाही. ते केवळ सपाट जमिनीवर जाणवेनासे झाले. स्थानकावरील पुलाच्या पायऱ्यांशी पोहोचताच चाके निरुपयोगी ठरतात आणि संपूर्ण भार हातावर येतो. म्हणून सामानाची निवड ही आजही टाळता न येणारी गोष्ट आहे.

अभावाची किंमत

ही निवड कशी करावी हे पाहण्यासाठी आपण एक काल्पनिक परंतु नेहमी घडणारे उदाहरण घेऊ. चेन्नईतील एका कंपनीत काम करणाऱ्या एक अभियंता बाई आहेत. त्यांची कंपनी रुग्णालयांना रक्त तपासण्याची यंत्रे पुरविते. जानेवारी महिन्यात त्यांना दिल्लीस दोन दिवसांच्या बैठकीसाठी जावयाचे आहे आणि तेथून शिमल्याच्या एका रुग्णालयात जाऊन बंद पडलेले यंत्र दुरुस्त करावयाचे आहे. सोमवारी रात्री त्या आगगाडीने निघतील. सुमारे २,२०० किलोमीटरचे अंतर दोन रात्री व मधला एक दिवस प्रवास करून बुधवारी सकाळी संपेल. बुधवार-गुरुवार बैठक, शुक्रवारी शिमल्याकडे प्रयाण, शनिवारी दुरुस्ती आणि रविवारी दिल्लीला परत येऊन रात्रीच्या विमानाने चेन्नई, असा त्यांचा कार्यक्रम आहे.

सामान भरताना बहुतेक माणसे स्वतःला एकच प्रश्न विचारतात : ही वस्तू उपयोगी पडेल काय? हा प्रश्न सदोष आहे. कारण जगातील जवळजवळ प्रत्येक वस्तू कधी ना कधी उपयोगी पडू शकते आणि या प्रश्नाला नकारार्थी उत्तर सहसा येतच नाही. त्याऐवजी असे विचारावे : ही वस्तू जवळ नसेल तर काय बिघडेल, आणि ते तेथे सुधारता येईल काय? या कसोटीला लावले असता सामानाचे चार वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात ज्यांच्यावाचून कामच होणार नाही अशा वस्तू येतात. आपल्या उदाहरणात यंत्राचा नवा सुटा भाग, तो बसविण्याची हत्यारे, यंत्रासंबंधीची माहितीपुस्तिका आणि रुग्णालयाशी झालेला पत्रव्यवहार या त्या वस्तू होत. दुसऱ्या वर्गात प्रवाशाला स्वतःला असमर्थ करणारे अभाव येतात : नेहमीची औषधे, चष्मा, ओळखपत्र, तिकीट, पैसे. तिसऱ्या वर्गात साबण, दंतमंजन, कागद, पेन यांसारख्या कोणत्याही बाजारपेठेत थोड्या पैशांत मिळणाऱ्या वस्तू येतात. चौथ्या वर्गात ‘असू द्यावे बरोबर’ एवढ्याच कारणाने घेतलेल्या सर्व वस्तू मोडतात.

पहिल्या दोन वर्गांतील वस्तू मिळून बहुधा पेटीचा लहानसा भागच व्यापतात. पेटी भरते ती चौथ्या वर्गामुळे. आणि घाईघाईत विसरते ती मात्र पहिल्या वर्गातील एखादी वस्तू. यंत्रातील एका विशिष्ट फ्यूजचे वजन काही ग्रॅमच असते. जादा घेतलेल्या पादत्राणांच्या जोडाचे वजन एक किलोग्रॅमच्या जवळपास भरते. जोड घरी राहिला तर शिमल्यात कोणाचेही काही अडणार नाही. फ्यूज घरी राहिला तर तो चेन्नईहून मागवावा लागेल. तोपर्यंत त्या रुग्णालयातील रक्ताचे नमुने अन्यत्र पाठवावे लागतील आणि डोंगरातल्या वाटेने खाली उतरून आलेल्या एखाद्या रुग्णाला निष्कर्षासाठी पुन्हा तीच वाट चढावी-उतरावी लागेल. कामाच्या प्रवासात विसरलेल्या वस्तूची किंमत बहुधा प्रवासी देत नाही. ती त्याची वाट पाहणारा माणूस देतो. घरच्या सहलीचे सामान आणि कामाचे सामान यांतील मुख्य भेद हाच आहे.

मग पहिल्या वर्गातील काही सुटू नये म्हणून काय करावे? वस्तूंची यादी करण्याऐवजी कृतींची यादी करावी, हा यावरील खात्रीचा उपाय आहे. आपण काम प्रत्यक्ष करीत आहोत अशी कल्पना करून ते आरंभापासून अखेरपर्यंत मनात पार पाडावे. यंत्राचे झाकण काढावयाचे, म्हणजे योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर हवा. आत अंधार असणार, म्हणजे लहान विजेरी हवी. जुना भाग काढून नवा बसवावयाचा. मग यंत्र सुरू करून त्याची वाचने नोंदवावयाची, म्हणजे नोंदीचा तक्ता हवा. शेवटी रुग्णालयाच्या अधिकाऱ्याची सही घ्यावयाची, म्हणजे अहवालाचा छापील नमुना हवा. अशा रीतीने प्रत्येक कृती आपल्याला लागणाऱ्या वस्तूचे नाव स्वतःच सांगते. एका कामाच्या सर्व वस्तू एकाच लहान पिशवीत ठेवल्या की त्यांचा एक संच होतो. संच हा पूर्ण तरी असतो किंवा निरुपयोगी तरी असतो. ज्याप्रमाणे भारक तारेवाचून फोन, त्याप्रमाणे योग्य टोकावाचून स्क्रूड्रायव्हर.

थैलीचा प्रश्न

आवश्यक वस्तू ठरल्या की उरलेल्या जागेचा प्रश्न येतो. गणितज्ञांनी नेमक्या याच प्रश्नाचा सखोल अभ्यास केला आहे आणि त्याला ‘नॅपसॅक प्रॉब्लेम’, म्हणजे थैलीचा प्रश्न, असे नाव दिले आहे. एका थैलीत ठरावीक वजनच मावते. समोर अनेक वस्तू आहेत; प्रत्येकीचे वजन आणि उपयुक्तता ठाऊक आहे. एकूण उपयुक्तता जास्तीत जास्त व्हावी यासाठी कोणत्या वस्तू घ्याव्यात?

प्रश्न सोपा वाटतो, पण तसा तो नाही. प्रत्येक वस्तू घ्यावयाची किंवा टाकावयाची असे दोनच पर्याय असले, तरी २० वस्तूंसाठी १०,४८,५७६ निरनिराळ्या निवडी संभवतात आणि ३० वस्तूंसाठी त्यांची संख्या शंभर कोटींच्या वर जाते. रिचर्ड कार्प या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७२ साली अत्यंत कठीण अशा २१ प्रश्नांची एक प्रसिद्ध सूची मांडली. थैलीच्या प्रश्नाचा त्या सूचीत अंतर्भाव आहे. अशा प्रश्नांना सर्व प्रसंगी झटपट व अचूक उत्तर देणारी पद्धत अद्याप कोणालाही सापडलेली नाही.

येथे एक साधी युक्ती सुचते. प्रत्येक वस्तूच्या उपयुक्ततेला तिच्या वजनाने भागावे आणि ज्या वस्तूचा भागाकार मोठा ती आधी उचलावी. ही युक्ती पुष्कळदा चांगले उत्तर देते, परंतु नेहमीच नव्हे. समजा, थैलीची मर्यादा ७ किलोग्रॅम आहे. एक वस्तू ४ किलोग्रॅमची असून तिची उपयुक्तता ४८ आहे. दुसऱ्या दोन वस्तू प्रत्येकी साडेतीन किलोग्रॅमच्या असून त्यांची उपयुक्तता प्रत्येकी ३५ आहे. पहिलीचा भागाकार १२ आणि इतर दोहोंचा १० येतो. युक्तीप्रमाणे पहिली वस्तू उचलली की उरलेल्या ३ किलोग्रॅममध्ये दुसरी कोणतीच बसत नाही आणि एकूण उपयुक्तता ४८ वरच थांबते. याउलट पहिली सोडून इतर दोन घेतल्या, तर मर्यादा न ओलांडता ती ७० होते.

प्रवाशाने यावरून बोध घ्यावयाचा तो असा की एखादी मोठी वस्तू स्वतः कितीही उपयुक्त असली, तरी ती कोणाची जागा अडविते हे पाहिल्याशिवाय तिचे मोल ठरत नाही. जाड बांधणीचा संदर्भग्रंथ, मोठा टॉवेल, केस वाळविण्याचे यंत्र या वस्तू अशाच असतात. म्हणून मोठ्या वस्तूंचा निर्णय आधी घ्यावा आणि लहान वस्तूंचा नंतर.

कपड्यांच्या बाबतीत मात्र गणित आपल्या बाजूचे आहे, कारण त्यांची उपयुक्तता एकमेकांवर अवलंबून असते. तीन कुर्ते आणि दोन सलवारी यांचे रंग परस्परांना साजेसे असतील, तर पाच कपड्यांतून सहा पोशाख तयार होतात. तेच रंग जुळत नसतील तर तीन पोशाखांसाठी सहा कपडे न्यावे लागतात. आठवड्याच्या प्रवासाला सात पोशाख लागतात ही समजूतही तपासून पाहावी. मधल्या एखाद्या रात्री दोन कपडे धुऊन वाळत घालता आले, तर चार दिवसांच्या कपड्यांत आठवडा निभावतो. मात्र शिमल्याच्या हिवाळ्यात जाड सुती कपडा रात्रभरात वाळेलच असे नाही. त्यामुळे धुण्याचे काम दिल्लीतच उरकावे लागेल.

थंडी, कापड आणि घडी

जानेवारीत चेन्नईचे किमान तापमान २१ अंश सेल्सियसच्या आसपास असते. दिल्लीचे ७-८ अंशांपर्यंत उतरते आणि शिमल्याचे शून्याच्या थोडेसेच वर राहते. एका पेटीत हे तिन्ही हवामान सामावून घ्यावयाचे आहे. दक्षिणेतील प्रवासी अशा वेळी एक अतिशय जाड कोट विकत घेतो आणि अर्धी पेटी त्यानेच भरते.

ऊब ही मुळात कापडाच्या वजनात नसते. कापडाच्या धाग्यांत आणि दोन कपड्यांच्या मध्ये अडकून राहिलेली स्थिर हवा ही उष्णतेची दुर्वाहक असते आणि तीच शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड कपड्याऐवजी अंगालगत पातळ गरम बनियन, त्यावर नेहमीचा पोशाख, त्यावर लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडविणारे पातळ जाकीट असे थर अधिक उपयुक्त ठरतात. दिल्लीच्या सभागृहात त्यांतील दोन थर उतरविता येतात, शिमल्यात सर्व चढविता येतात. आगगाडी नागपूर-भोपाळ ओलांडून दुसऱ्या रात्री उत्तरेच्या मैदानाकडे जाऊ लागली की गारवा जाणवू लागतो. म्हणून स्वेटर पेटीच्या तळाशी न ठेवता अगदी वर ठेवावा.

आता कपड्यांना सुरकुत्या का पडतात ते पाहू. कापसाचा तंतू सेल्युलोजच्या लांब रेणूंचा बनलेला असतो. हे रेणू एकमेकांशी हायड्रोजन-बंधांनी जोडलेले असतात. ओलावा व ऊब मिळाली की हे बंध सैल होतात, रेणू थोडे सरकतात आणि कापड वाळताच नव्या स्थितीत पुन्हा बंध जुळतात. दाबाखाली असलेल्या दमट कपड्यावर अशा प्रकारे सुरकुती कायम होते. इस्त्रीचे कार्यही याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच की तेथे आपण कापडाला सपाट स्थितीत हे बंध पुन्हा जुळवावयास लावतो. लोकरीचा तंतू मळसूत्रासारख्या रचनेमुळे लवचिक असतो आणि पूर्वस्थितीवर येतो. पॉलिएस्टरमध्ये पाणी फारसे शिरत नसल्याने त्याची घडी सहजासहजी मोडत नाही.

यावरून काही व्यवहारी नियम निघतात. कपडे पूर्ण कोरडे झाल्याखेरीज पेटीत भरू नयेत. बैठकीसाठी सुती आणि पॉलिएस्टरच्या मिश्र धाग्याचे कापड शुद्ध सुती कापडापेक्षा सोयीचे. सुरकुती वळणाच्या तीक्ष्णतेवर अवलंबून असल्याने करकरीत घडीपेक्षा गुंडाळी बरी. गुंडाळीत कापड मोठ्या त्रिज्येने वळते आणि कोणत्याही एका रेषेवर ताण एकवटत नाही. साधे कुर्ते, सलवारी, अंतर्वस्त्रे यांच्या गुंडाळ्या कराव्यात. खळ दिलेली सुती साडी किंवा इस्त्रीचा कोट मात्र गुंडाळू नये. त्याची सैल घडी घालून ती सर्वांत वर पसरावी. इतके करूनही सुरकुती राहिलीच तर रात्री स्नानगृहात गरम पाण्याची वाफ कोंडलेली असताना कपडा टांगून ठेवावा. वाफेने बंध सैल होतात आणि कापडाचे स्वतःचे वजन ते सरळ करते.

भाराची मांडणी

चाकांची पेटी तिरपी करून ओढताना ती तरफेसारखी वागते. चाके हा टेकू, सामानाचे वजन हा भार आणि आपला हात ही प्रेरणा. समजा, भरलेली पेटी १२ किलोग्रॅमची आहे आणि चाकांपासून मुठीपर्यंतचे अंतर १०० सेंटिमीटर आहे. जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवल्या आणि गुरुत्वमध्य चाकांपासून २५ सेंटिमीटरवर आला, तर हाताला सुमारे ३ किलोग्रॅमचाच भार पेलावा लागतो. त्याच वस्तू वरच्या बाजूला ठेवून गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटरवर गेला, तर हातावरचा भार सुमारे ४.८ किलोग्रॅम होतो. सामान तेच, पेटीही तीच. केवळ मांडणी बदलल्याने हाताचे श्रम दीडपटीहून अधिक वाढतात. म्हणून हत्यारांची पिशवी व पादत्राणे चाकांलगत असावीत. पादत्राणांच्या पोकळीत मोजे भरावेत म्हणजे तेवढी जागा वाचते.

पाठीवरच्या पिशवीचा नियम थोडा निराळा आहे. तिच्यातील जड वस्तू पाठीला चिकटून असाव्यात. त्या जितक्या मागे जातील तितके शरीराला तोल सावरण्यासाठी पुढे वाकावे लागते आणि त्याचा ताण कंबरेवर पडतो. एकाच खांद्यावर लटकणारी जड पिशवी दीर्घ प्रवासात सर्वांत त्रासदायक ठरते.

भाराइतकेच महत्त्व वस्तू बाहेर काढण्याच्या क्रमाला आहे. जे सर्वांत शेवटी लागणार ते सर्वांत आधी भरावे. आपल्या उदाहरणातील अभियंता बाईंना हत्यारे शनिवारी लागणार आहेत, ती तळाशी जावीत. गाडीतील रात्रीचे कपडे व स्वेटर वर यावेत. तिकीट, ओळखपत्र, औषधे, चष्मा आणि यंत्राचा तो लहानसा सुटा भाग यांना मात्र पेटीत स्थान नाही. पेटी हरवली, चोरीस गेली किंवा मागे राहिली तरी ज्यांवाचून चालणार नाही त्या वस्तू सदैव अंगावरच्या लहान पिशवीत असाव्यात. कागदपत्रांच्या प्रती आता फोनवर आणि २०१५ साली सुरू झालेल्या ‘डिजीलॉकर’ या सरकारी सेवेतही ठेवता येतात; तथापि फोन बंद पडू शकतो हे ध्यानात ठेवून एक कागदी प्रत वेगळ्या कप्प्यात ठेवणे शहाणपणाचे होय.

रेल्वेचे नियम आणि विमानाचे नियम

भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार शयनयान वर्गाच्या प्रवाशाला ४० किलोग्रॅमपर्यंत सामान विनामूल्य नेता येते. वातानुकूलित तीन-स्तर वर्गाला हीच मर्यादा असून दोन-स्तर वर्गाला ती ५०, वातानुकूलित प्रथम वर्गाला ७० आणि द्वितीय वर्गाला ३५ किलोग्रॅम आहे. एकट्या माणसाला ही मर्यादा उदार वाटेल. परंतु शयनयानाच्या एका खणात बाजूच्या दोन जागा धरून आठ प्रवासी असतात. प्रत्येकाने आपला पूर्ण अधिकार वापरला तर एका खणात ३२० किलोग्रॅम सामान येईल आणि ते बाकांखालच्या जागेत कधीच मावणार नाही. नियमाने जे मिळते ते सर्व घेतलेच पाहिजे असे नाही, हे येथे सहज पटते. कालका ते शिमला हा पुढचा टप्पा तर आणखी अरुंद आहे. १९०३ साली खुल्या झालेल्या या ९६ किलोमीटरच्या मार्गाचे रूळ केवळ ७६२ मिलिमीटर अंतरावर आहेत. आपल्या रुंद मार्गावर ते अंतर १,६७६ मिलिमीटर असते. त्या छोट्या डब्यांत मोठी पेटी सर्वांच्याच पायांत येते.

परतीच्या विमानाचे गणित वेगळे आहे. देशांतर्गत प्रवासात साध्या वर्गाच्या प्रवाशाला हातातील सामानासाठी बहुधा ७ किलोग्रॅमची मर्यादा असते. ५५, ३५ व २५ सेंटिमीटर मापांच्या पेटीचे घनफळ सुमारे ४८ लिटर होते. या घनफळात कपडेच भरले तर वजन मर्यादेच्या जवळपास राहते. कागद किंवा लोखंड भरले तर अर्धी पेटी रिकामी असतानाच मर्यादा संपते. म्हणून विमानासाठी जागेपेक्षा वजनाचा विचार आधी करावा.

येथे एक पेच उद्भवतो. हत्यारे विमानाच्या प्रवासी कक्षात नेता येत नाहीत, ती मालकक्षात जाणाऱ्या पेटीतच ठेवावी लागतात. फोन भरण्यासाठी जवळ बाळगलेली सुटी लिथियम बॅटरी, म्हणजेच पॉवर बँक, मात्र नेमकी उलट आहे : ती मालकक्षात ठेवण्यास मनाई असून हातातील पिशवीतच न्यावी लागते. यामागे सबळ कारण आहे. अशी बॅटरी बिघडून तापू लागली तर तिचे तापमान वेगाने वाढून ती पेट घेते. प्रवासी कक्षात कर्मचारी ती आग विझवू शकतात; मालकक्षात त्यांना पोहोचता येत नाही. साधारणतः १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्या विशेष परवानगीवाचून नेता येतात. २०,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असेल, तर २० अँपिअर-तासांना ३.७ व्होल्टने गुणावे. उत्तर ७४ वॅट-तास येते, म्हणजे ती मर्यादेच्या आत आहे. रविवारी रात्री विमानतळावर पेटी उघडून उलथापालथ करण्यापेक्षा या दोन वस्तू सोमवारीच वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे चांगले.

इन्सुलिन घेणाऱ्या प्रवाशाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोठल्यास इन्सुलिन निरुपयोगी होते. म्हणून ते सतत स्वतःजवळ ठेवावे, मालकक्षात देऊ नये. आणि दुरुस्तीनंतर यंत्र पडताळण्यासाठी लागणारी रासायनिक द्रव्ये? ती प्रवाशाने नेऊच नयेत. कंपनीने ती योग्य वेष्टनात रुग्णालयाकडे आधीच पाठवावीत व पोहोचल्याची खात्री करून घ्यावी. काही वस्तूंच्या बाबतीत त्या माणसाबरोबर न पाठविणे हाच सामान भरण्याचा उत्तम मार्ग असतो.

परतल्यानंतर

सामान भरण्याचे शास्त्र प्रवासापूर्वीच्या रात्री शिकता येत नाही; ते परत आल्यानंतरच्या सकाळी शिकावे लागते. पेटी रिकामी करताना तिच्यातील वस्तूंचे तीन भाग करावेत : वापरलेल्या, न वापरलेल्या आणि ज्यांची उणीव भासली अशा. शेवटच्या भागातील वस्तू अर्थातच पेटीत नसतात, म्हणून त्यांची नोंद वहीतच करावी लागते. न वापरलेल्या वस्तूंपैकी औषधे व सुटे भाग यांना पुन्हा पेटीत जाण्याचा अधिकार आहे, कारण त्यांचे न वापरले जाणे हीच चांगली गोष्ट होय. इतर वस्तूंना तो नाही. तीन-चार प्रवासांत ही यादी स्थिरावते आणि मग पेटी भरण्यास अर्धा तासही लागत नाही.

वारंवार फिरतीवर जाणाऱ्या माणसाने यादीतील लहान वस्तूंचा संच कायमचा बांधून ठेवावा. दाढीचे किंवा केस विंचरण्याचे साहित्य, दुसरा भारक, औषधांची डबी यांची एक जादा जोडी पेटीतच राहू द्यावी. त्यात लागणारा खर्च थोडा असतो, आणि अकस्मात निघावे लागले तर तेवढ्या वस्तूंची चिंता उरत नाही.

लॉर्ड ऑकलंडच्या तळाला शिमल्यास पोहोचण्यासाठी अनेक महिने लागले, कारण त्याला आपले सर्व जग बरोबर न्यावयाचे होते. आपल्या अभियंता बाई आठवड्यात जाऊन परत येतात. राहण्याची, अंथरुणाची आणि जेवणाची काळजी त्यांच्या वतीने आता इतर माणसे घेतात : दिल्लीतील खानावळवाला, डब्यातील परिचारक, शिमल्यातील विश्रामगृहाचा चौकीदार. त्या माणसांवर विश्वास ठेवता येतो म्हणून पेटी लहान झाली. परंतु शनिवारी सकाळी यंत्राचे झाकण उघडल्यावर लागणारी वस्तू त्यांच्यापैकी कोणीही देऊ शकणार नाही. तेवढी वस्तू त्यांच्या अंगावरच्या पिशवीत असली, तर दुपारपर्यंत यंत्र सुरू होईल आणि सकाळपासून बाकावर बसून राहिलेल्या रुग्णांना आपले कागद घेऊन त्याच दिवशी घरी जाता येईल.